कुणाच्या हातचं पाणी

गेल्या रविवारी आमच्या देवळात कापणीचा सण झाला. वेदीपुढं बाजरीची कणसं, मेथीच्या जुड्या, एक भलंमोठं डांगर आणि पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपल्यावर अंगणात लिलाव सुरू झाला. एका आजींनी पदरात बांधून चार अंडी आणली होती. ती एकानं दीडशेला घेतली आणि तिथल्या तिथं परत अर्पण केली. पुन्हा बोली लागली, पुन्हा परत आली. चौथ्या खेपेला पाचशेवर गेली. आजी पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. मंडळी म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी त्या अंड्यांची गोष्ट सांगेन.

हल्ली ‘शिष्यत्व’ हा शब्द फार कानावर येतो. तीन दिवसांचं शिबिर, वह्या, शेवटी प्रमाणपत्र. वचनाचा अभ्यास हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण माणूस शिष्य होतो तो शेजारच्या घरात, आणि त्याला वर्षं लागतात.

आमच्या नगरचंच उदाहरण घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं काही न लपवता लिहिलंय. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, सोवळ्याची सोय करून दिली. मग जात देवानं केली की माणसानं, या प्रश्नाशी त्या स्वतःच भिडल्या आणि कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवून मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं, ते पुढे याच बाईंनी पुरं केलं.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी पाण्याचा पेला, मग बाप्तिस्म्याचं पाणी.

आपण तो उलटा केला आहे. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक मंडळ्या महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला आम्ही एका रांगेत गुडघे टेकतो. आणि मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की ‘मूळचे कोणते’ ही चौकशी हळू आवाजात होतेच. तीन-तीन पिढ्या संडे स्कूल केलेल्या घरांत होते. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

टिळकांनाही त्यांच्या काळात मंडळीत काहीतरी अडल्यासारखं वाटत होतं. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळेच शिष्य तिथं बंधू म्हणून यावेत, ही कल्पना. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार पुढे सरकला नाही. कल्पना मात्र जुनी झालेली नाही.

आमच्या पाळकांना आणि पंचांना माझी एकच विनंती आहे. बुधवारची घरसभा आज कुठं भरते? ज्यांच्याकडे मोठा हॉल आहे, खुर्च्या आहेत, गाडी लावायला जागा आहे, त्यांच्याकडे. मंडळीची यादी घ्या आणि घरं पाळीपाळीनं लावा, एकही न गाळता. पत्र्याच्या खोलीत वीस माणसं मावत नसतील तर दहा आत बसतील, दहा ओट्यावर. टाळ-ढोलकी बाहेरही ऐकू येते. सभेनंतर त्या घरात जे शिजलं असेल ते सगळ्यांनी तिथंच बसून खावं, डबा घरी न्यायचा नाही. लग्न जमवणारी वडीलधारी मंडळी त्या दिवशी हटकून हवीत.

पहिलं नाव त्या आजींचं घाला. त्यांच्या घरी अजून एकदाही सभा झालेली नाही.