परिचर्या महाविद्यालयाला ‘मान्यता’ कोणाची?

बारावीचा निकाल लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. माहितीपत्रकावर ‘शासनमान्य’ ही अक्षरे ठळक असतात आणि पालकांची चौकशी बहुधा तेथेच संपते. वास्तविक या एका शब्दाखाली विद्यापीठाची संलग्नता, परिचर्या परिषदेची मान्यता आणि ‘नॅक’ची श्रेणी अशा तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात.

जिल्ह्यातीलच दोन उदाहरणे पाहावीत. लोणीचे सिंधुताई एकनाथराव विखे पाटील परिचर्या महाविद्यालय हे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचा घटक आहे. या संस्थेला २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्याने पदवी ती स्वतःच देते. नगरजवळ विळद घाटातील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे परिचर्या महाविद्यालय मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. नावांत साम्य असले तरी पदवी देणारे विद्यापीठ वेगळे आहे.

पण केवळ पदवीने परिचारिका होता येत नाही. त्यासाठी राज्य परिचर्या परिषदेकडे नोंदणी व्हावी लागते. नोंदणी नसेल तर चार वर्षांचे शिक्षण व त्यासाठी काढलेले कर्ज दोन्ही वाया जाण्याची भीती असते. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेच्या मान्यतेचे महत्त्व परराज्यात वा परदेशात नोकरी करताना विशेष जाणवते. २०१७ मध्ये कर्नाटकातील महाविद्यालयांना या मान्यतेची आवश्यकता आहे काय, हा वाद न्यायालयात गेला आणि तेथे शिकणाऱ्या परराज्यांतील विद्यार्थ्यांपुढे भवितव्याचा प्रश्न उभा राहिला. बेंगळुरूचे प्रवेश मिळवून देणाऱ्या दलालांच्या भूलथापा ऐकताना हे विसरता कामा नये.

‘नॅक’ ही १९९४ मध्ये स्थापन झालेली संस्था गुणवत्तेचे मूल्यमापन करते. तिची श्रेणी उपयुक्त असली, तरी त्यामुळे नोंदणीचा हक्क मिळत नाही. शिवाय परिचर्या ही रुग्णाच्या उशाशी शिकायची विद्या आहे. म्हणूनच पदवी महाविद्यालयाला किमान शंभर खाटांचे स्वतःचे रुग्णालय असावे, असा परिषदेचा सर्वसाधारण निकष आहे. त्या खाटांवर रुग्ण असतात काय, हे वॉर्डात एक फेरी मारली तरी समजते.

जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. त्यात मूल्यांकन व मानांकनासाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. नियामक बदलला तरी पालकांनी विचारायचे प्रश्न तेच राहतात. पदवी कोणाची? केंद्रीय नियामकाच्या व राज्य परिषदेच्या यादीत यंदाच्या वर्षासाठी महाविद्यालयाचे नाव आहे काय, आणि किती जागांसाठी? ‘मान्यता प्रस्तावित’ असे उत्तर मिळाल्यास शुल्क भरण्याची घाई करू नये. प्रस्तावाच्या आधारे नोंदणी होत नाही.