बहिणींचे दुकान



कार्दाशियन बहिणींची मालिका पाहणाऱ्या बायकांना दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. एक, "शी, ते काय कपडे!" आणि दुसरे, "त्यांना काही कामधंदा नाही का?" कपड्यांवर मला काही बोलायचे नाही. दुसरे वाक्य मात्र साफ चुकीचे आहे. त्यांना कामधंदाच कामधंदा आहे. त्या घरात कामधंद्याशिवायचा एकही कोपरा उरलेला नाही, हेच तर माझे म्हणणे आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ राहणारे हे कुटुंब. आई क्रिस जेनर. पहिल्या नवऱ्यापासून कोर्टनी, किम, ख्लोई या तीन मुली आणि रॉब हा मुलगा. दुसऱ्या नवऱ्यापासून केंडल आणि कायली. (आईने पाचही मुलींची नावे 'क'वरून ठेवली. आपल्याकडे एकता कपूरच्या मालिका तशा 'क'वरून असायच्या, हा योगायोग मला भारी गमतीचा वाटतो.) मुलींचे वडील रॉबर्ट कार्दाशियन हे ओ. जे. सिम्प्सनच्या गाजलेल्या खटल्यातले एक वकील. ते २००३ साली कॅन्सरने गेले. ऑक्टोबर २००७ मध्ये या कुटुंबाच्या घरात कॅमेरे शिरले. पहिली मालिका २०२१ पर्यंत चालली, तिचे वीस हंगाम झाले. २०२२ पासून दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू आहे. एक भाग साधारण सामायिकापेक्षा थोडा कमी वेळाचा. माझी सून भाजी निवडताना लावते आणि मीही बसते. भाजी दोघींत लवकर निवडून होते, हा एक फायदा.

आता मला त्यात काय आवडते ते आधी सांगते. चाळिशीच्या बायका रोज उठून एकमेकींच्या घरी जातात, आईच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाडग्यातले सॅलड खातात आणि भांडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? मला विशेष वाटते. आपल्याकडे बहीण लग्न होईपर्यंत बहीण, मग ती माहेरवाशीण होते. दिवाळी, भाऊबीज, एखादे लग्न किंवा दुखवटा, एवढ्याच भेटी. आम्ही तीन बहिणी, एक भाऊ. बाबा गेले त्या वर्षी आम्ही तिघी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका बाकावर बसून होतो, हक्कसोडपत्राचा नंबर येईपर्यंत. सह्या केल्या, अंगठे दिले, तिथल्या कॅमेऱ्यासमोर फोटो काढून घेतला. २००५ सालच्या कायद्यातल्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला आणि तो आपल्या जैनांनाही लागू आहे, हे मला चांगले ठाऊक होते. ताईलाही होते. कोणी बोलले नाही. दादाने तिघींना साड्या घेतल्या. आम्हा तिघी बहिणींच्या सह्या एकत्र असलेला कागद आजवर तो एकच आहे, आणि तोही सोडून देण्याचा.

म्हणून त्या बहिणींनी २००६ मध्ये कपड्यांचे एक दुकान एकत्र काढले होते, हे कळल्यावर मला बरे वाटले होते. कॅमेरे यायच्या आधीची गोष्ट ही. खरेखुरे दुकान, शटर आणि गल्ला असलेले. ते २०१८ मध्ये बंद केले, कारण तोपर्यंत कपडे विकण्यात काही राम राहिला नव्हता. विकायचा माल दुसराच झाला होता.

हा माल कोणता, हे समजून घ्यायला मला माझे बी.कॉम. उपयोगी पडले. आई सगळ्या मुलींची व्यवस्थापक आहे आणि त्यांच्या कमाईवर दहा टक्के घेते. हे ती लपवत नाही, उलट अभिमानाने सांगते. कायलीने २०१५ मध्ये लिपस्टिकचा धंदा सुरू केला आणि २०१९ मध्ये त्यातला एक्कावन्न टक्के हिस्सा कोटी नावाच्या मोठ्या कंपनीने साठ कोटी डॉलरला घ्यायचे ठरवले. एक्कावन्न टक्क्याचे साठ, म्हणजे पूर्ण धंद्याची किंमत झाली जवळजवळ एकशे अठरा कोटी डॉलर. यात यंत्रे किती, गोदाम किती, माल किती? थोडाच. बाकी सगळे आम्ही ज्याला गुडविल म्हणायचो, ते. जुन्या पेढीचे गुडविल गिऱ्हाइकाच्या विश्वासावर वाढते. यांचे कशावर वाढते? किमचे दुसरे लग्न बहात्तर दिवसांत मोडले, त्याचे भाग झाले. ख्लोईला तिच्या मुलीच्या बापाने फसवले, त्याचे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये किमला बांधून दागिने लुटले. पुढच्या मार्चमध्ये ती कॅमेऱ्यासमोर बसून ती रात्र सांगते आणि बहिणी रडतात. ते रडणे खोटे मुळीच नाही. मला स्वतःला गलबलून आले होते. पण रडणे खरे आहे म्हणूनच त्याला भाव आहे. आणि त्यातही आईचे दहा टक्के आहेतच.

यावर सून म्हणते, "मम्मी, त्यांच्या मर्जीने चालले आहे, आपल्याला काय?" मोठ्यांपुरते ठीक आहे. त्यांच्या कपाटांना मी आपले परिग्रहाचे मोजमाप लावणार नाही, ते व्रत त्यांनी घेतलेले नाही. २०२२ मध्ये तिकडे दुष्काळ असताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाणी वापरणाऱ्यांच्या यादीत किम आणि कोर्टनीची नावे आली, तेव्हा मात्र मी सुनेला ते मुद्दाम वाचून दाखवले. २०२१ मध्ये किमने एका आभासी चलनाची जाहिरात केली आणि त्यासाठी अडीच लाख डॉलर घेतल्याचे लोकांना सांगितले नाही, म्हणून तिकडच्या शेअर बाजाराच्या नियामकाला तिला साडेबारा लाखांहून जास्त डॉलर भरावे लागले. ते योग्यच झाले. पैसे घेऊन केलेली स्तुती ही स्तुती म्हणून खपवणे म्हणजे वजनकाट्याखाली बोट लावणे.

पण मर्जीचा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि तो त्यांच्याच घरात उभा राहिला. कोर्टनीचे भांडण पाहा. २०१८ च्या हंगामात ख्रिसमसच्या शुभेच्छापत्रासाठी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचा असतो. वेळ जुळत नाही. कोर्टनीला लवकर घरी जायचे असते, मुलांकडे. किम चिडते आणि सगळ्यांत ही दिसायलाही सगळ्यात कंटाळवाणी आहे अशा अर्थाचे बोलते. कोर्टनीचे म्हणणे एवढेच की मी फोटोपेक्षा मुलांना वेळ द्यायचे ठरवले आहे. हे भांडण विरले नाही. मार्च २०२० मध्ये दाखवलेल्या भागात तर दोघी अक्षरशः हातघाईवर आल्या. किमचा आरोप काय? तू काम करत नाहीस, तू काही देत नाहीस, आम्हीच सगळे देतो. त्यानंतर कोर्टनीने चित्रीकरणातून अंग काढून घेतले.

मैत्रिणींनो, हा भाग मी दोनदा पाहिला. भागीदारीत पुष्कळदा असे ठरवून घेतात की भांडवल ज्याचे कमी त्याचा नफ्यात वाटा कमी. किम त्याच हिशेबाने बोलत होती आणि तिच्या बाजूने पाहिले तर बरोबरच बोलत होती. चार जणींनी आपल्या जखमा दुकानात मांडायच्या आणि पाचवीने म्हणायचे की माझे दार बंद, पण फळीवर नाव माझेही राहू दे, हे कुठल्या दुकानात चालेल? पण दुकान बाजूला ठेवून पाहा. एक बहीण म्हणते आहे की माझ्या घरातल्या काही गोष्टी मला घरातच ठेवायच्या आहेत. तिला सख्ख्या बहिणीकडून उत्तर मिळते की तू कामचुकार आहेस. जन्मभर घर सांभाळलेल्या माझ्यासारखीला 'तू करतेस काय?' हे नवीन नाही. फरक एवढाच की मला ते घरात बसून काही कमवत नाही म्हणून ऐकावे लागले, आणि तिला घर विकायला काढत नाही म्हणून.

आपल्याकडे व्याख्यानात मन, वचन, काया यांच्या गुप्तीबद्दल आपण ऐकतो. ती साधुसाध्वींची गोष्ट, असे म्हणून आपण सोडून देतो. मला कोर्टनीवरून ती आठवली. माणसाजवळ थोडे तरी राखलेले असावे, जे कुणाच्या उपयोगाचे नाही. पुढे मे २०२२ मध्ये तिचे इटलीत लग्न झाले. तिथले कपडे आणि थाटमाट ज्या कंपनीचा, त्याच कंपनीबरोबर किमने सप्टेंबरमध्ये आपला करार केला. कोर्टनी भडकली की माझ्या लग्नातही तुला धंद्याची संधीच दिसली. हेही आम्हाला कसे कळले? नव्या मालिकेत दाखवले म्हणून! लग्नही दाखवले होते. म्हणजे दार बंद करू पाहणारी बहीणही परत त्याच फळीवर आली. तिला मी दोष देत नाही. चौदा-पंधरा वर्षे ज्या घराला भिंतच नव्हती तिथे ती नव्याने कुठून बांधणार?

जुलै २०२४ मध्ये किम आणि ख्लोई मुंबईला अंबानींच्या लग्नाला आल्या, त्याचाही भाग झाला. किमने मोकळेपणाने सांगितले की मी अंबानींना ओळखत नाही, दागिने घडवणाऱ्या मैत्रिणीमुळे बोलावणे आले. आपल्याकडे मामेसासऱ्यांना पत्रिका उशिरा पोचली तर दहा वर्षे रुसवा चालतो. असो.

खरी अडचण मुलांची. मालिका सुरू झाली तेव्हा कायली दहा वर्षांची होती, केंडलला अजून बारावे पूर्ण व्हायचे होते. त्यांनी कुठे सही केली होती? कोर्टनीच्या पहिल्या मुलाचा २००९ मधला जन्मसुद्धा कॅमेऱ्यासमोर झाला. अमेरिकेत सिनेमातल्या बालकलाकारांच्या कमाईतला वाटा त्यांच्या नावे राखून ठेवायचा कॅलिफोर्नियाचा कायदा १९३९ सालचा आहे. पण आईवडिलांनी घरात काढलेल्या व्हिडिओंतल्या मुलांसाठी तसा कायदा व्हायला २०२४ उजाडावे लागले. आधी इलिनॉय राज्यात लागू झाला, मग कॅलिफोर्नियानेही केला. आणि कायद्याने पैसे मिळतील फक्त. दहाव्या वर्षी आपण रडताना जगाने पाहिले, ते परत कसे घेणार?

हे सगळे तिकडचे म्हणून मी पाहून सोडून दिले असते. पण मागच्या पर्युषणात नात्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने अठ्ठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेले पाणी, तेही दिवसाउजेडी. पोरीची जिद्द खरी होती, तिच्या तपाला माझे वंदन. पण पाचव्या दिवसापासून तिचे रोज व्हिडिओ यायला लागले, गाणे लावून. सहाव्या दिवशी ती आजीच्या मांडीवर डोके ठेवून गळून पडलेली, तोही आला. पारण्याच्या दिवशी मी हजर होते. पहिला घोट मुगाच्या पाण्याचा. तिने तोंडाला लावला आणि कॅमेरावाला म्हणाला, "बेटा, वाटी खाली ठेव, परत एकदा." तिने ठेवली. आठ दिवसांची उपाशी पोर, वाटी खाली ठेवून कॅमेऱ्याकडे बघत थांबली. सगळे हसत होते. तिची आई मला प्रेमाने म्हणाली, "किती छान आठवण राहील ना, काकू?" तिच्या मनात पैशाचा विचार नव्हता, हे मला पक्के माहीत आहे. क्रिस जेनरच्या मनातही पहिल्या दिवशी फक्त पैसाच असेल असे मला वाटत नाही.

वाटी आधी मी त्या मुलीच्या हातात परत दिली आणि कॅमेरावाल्याला पुढच्या खोलीत जेवायला पाठवले. घरी आल्यावर आमच्या संघाच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. मागणी दोनच ओळींची आहे: अठरा वर्षांखालील तपस्वींचे तपाच्या दिवसांत चित्रीकरण होऊ नये, आणि त्यांचे फ्लेक्स लावू नयेत. स्थानकात नाव वाचून सत्कार करावा, तेवढा पुरे. पत्राखाली माझ्याबरोबर सुनेची सही आहे, दोन्ही जावांची आहे, आणि ताई व धाकटी दोघींनी आपापल्या गावाहून सह्या करून पाठवल्या आहेत. अध्यक्षांनी "बैठकीत विषय घेऊ" म्हटले आहे. बैठक आषाढी चौमासी चौदसेच्या आधी आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी त्याआधी कळवावे.