कोरकू न शिकवता मेळघाटात विद्यार्थी पाठवू नका

प्रति,
मा. अध्यक्ष,
समाजकार्य अभ्यास मंडळ

महोदय,

या पत्रावर विद्यापीठाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. मेळघाटातल्या आमच्या संस्थेकडे क्षेत्रकार्याला विद्यार्थी पाठवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाच्या मंडळाला आम्ही हेच कळवत आलो आहोत आणि प्रत्येक मंडळाने आमच्या निवेदनाचे एकच केले आहे. पोच मिळते, आवक क्रमांक मिळतो, उत्तर मिळत नाही. पुढच्या सत्रात नवे विद्यार्थी जुनाच फॉर्म घेऊन धारणीच्या स्टँडवर उतरतात. प्रकरण तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही.

मेळघाटात कोरकू बोलतात. तुमचा एमएसडब्ल्यूचा अभ्यासक्रम कोरकू माणसांमध्ये काम करायला मुले पाठवतो आणि दोन वर्षांत, चार सत्रांत, कोरकूचा एक तासही घेत नाही. आमची मुख्य तक्रार ही आहे. बाकीच्या तिच्या मागून येतात.

याचा परिणाम काय होतो ते सांगते. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी कमी वजनाच्या बाळाच्या घरी गृहभेटीला गेली होती. मी सोबत होते. बाळाच्या आईची हिंदी बाजारापुरती, मराठी त्याहून कमी. मुलीच्या हातात महाविद्यालयाने दिलेला इंटेक फॉर्म. आधी किती बाळंतपणे झाली, किती मुले दगावली, पाळी नियमित आहे का, असे प्रश्न त्यात ओळीने छापलेले. दुभाषा कोण? शेजारचा चौथीतला मुलगा. पहिला प्रश्न ऐकून तो लाजला, हसला आणि त्या बाईला भलतेच काहीतरी विचारले. बाईने मान फिरवली आणि चुलीतले लाकूड सरकवत राहिली. मी थांबवले आणि अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना बोलावून घेतले. पण अहवालात जे लिहायचे ते मुलीने लिहिलेच होते : ‘क्लायंटने अपेक्षित सहकार्य केले नाही.’ महाविद्यालयातल्या पर्यवेक्षकांनी त्याखाली सही केली.

त्या मुलीला मी दोष देत नाही. वर्गात तिला फेलिक्स बीस्टेक यांची १९५७ची सात तत्त्वे पाठ करून घेतलेली आहेत, त्यात गोपनीयता आहे. ते तत्त्व तिने परीक्षेत बरोबर लिहिले असणार. चौथीतल्या पोरासमोर एका बाईला तिच्या मेलेल्या मुलांचा हिशेब विचारायची वेळ तिच्यावर तुमच्या अभ्यासक्रमाने आणली.

‘कोरकू बोलणारे थोडे आहेत, त्यांच्यासाठी वेगळी सोय परवडत नाही’, असे एका बैठकीत आम्हाला तोंडी ऐकवले गेले. म्हणून आकडे देते. २०११च्या जनगणनेत देशात कोरकू बोलणारे ७ लाख २७ हजार होते. कोलामी बोलणारे १ लाख २८ हजार. गोंडी बोलणारे २९ लाख ८४ हजार. भिली आणि तिच्या बोली मिळून १ कोटीच्या वर. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे राज्याच्या ९.३५ टक्के. नंदुरबारमध्ये दर शंभर माणसांत ६९ आदिवासी, गडचिरोलीत ३९. ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येणारे क्षेत्र राज्याच्या १३ जिल्ह्यांत पसरले आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया या तीन जमाती तर केंद्र सरकारनेच विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. समाजकार्याच्या पदवीधराला नोकरी लागते ती अनेकदा याच भागातल्या प्रकल्पांत, आश्रमशाळांत, आरोग्य मोहिमांत. आणि आमच्याकडे येणाऱ्या एकाही अभ्यासक्रमात यातल्या एकाही भाषेला एक श्रेयांक नाही.

वारली किंवा कातकरी बोली मराठी माणसाला निदान अर्धीमुर्धी कानावरून कळते. कोरकूचे तसे नाही. ती मुंडारी, संथाली यांच्या कुळातली. मराठी-हिंदीच्या जोरावर अंदाज बांधायला गेलात तर अंदाज चुकणारच. महाराष्ट्र केडर मिळालेल्या परप्रांतीय आयएएस अधिकाऱ्याला मराठीची परीक्षा द्यावी लागते. जिल्हाधिकाऱ्याला जनतेची भाषा आली पाहिजे असे सरकार मानते. जो माणूस घरात शिरून बाईला तिच्या गर्भपाताबद्दल विचारणार आहे त्याला ती येण्याची गरज नाही, असे तुम्ही मानता.

वेळापत्रकाबद्दलही आम्ही लिहिले होते. दिवाळी झाली की मेळघाटातली घरेच्या घरे मजुरीसाठी खाली मैदानात उतरतात आणि होळीच्या, फगव्याच्या आधी परततात. तुमची ग्रामीण शिबिरे नेमकी जानेवारीत. त्या वेळी गावात म्हातारी माणसे, काही लेकरे आणि बांधलेली गुरे बहुतेक एवढेच असते. रायगडच्या कातकरी वाड्यांत हीच गत, तिथले लोक तेव्हा वीटभट्ट्यांवर असतात. रिकाम्या गावात पथनाट्य होते, रॅली निघते, फलकासमोर फोटो निघतो आणि ‘लोकसहभाग अल्प’ असा शेरा पडतो. शिबिर पावसाळ्यात घ्या, किंवा विद्यार्थ्यांना स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर भट्टीवर आणि शेतावर पाठवा. यासाठी कुलगुरूंच्या परवानगीशिवाय काही लागत नाही.

फॉर्मकडे पुन्हा येते. त्यात एक व्यक्ती, तिची एक समस्या आणि तिचा एक निर्णय असे गृहीत धरलेले आहे. कोरकू गावात आडा पटेल हा मुखिया आहे, पूजा-उपचार करणारे भूमका आणि पडियार आहेत. लेकरू आजारी पडले, वाद झाला, पोर घरातून निघून गेली, की विचार या माणसांत बसून होतो. फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी एकच जागा आहे, ‘अंधश्रद्धा’ नावाची. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईचे डाग देण्याची डंब्याची रीत इथे आहे, ती बंद झालीच पाहिजे. गावाच्या बैठकीत बाईचे म्हणणे दाबले जाते तेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. रूढीला रूढी म्हणून हात लावू नये असे मी म्हणत नाही. पण डंबा थांबवायचा तर भूमक्याजवळ बसता आले पाहिजे. तो कोणत्या आजाराला काय करतो, लोक आधी त्याच्याकडे का जातात, दवाखान्यात त्यांना कोणती वागणूक मिळाली होती, हे त्याच्याकडून ऐकता आले पाहिजे. तेवढी भाषा आणि तेवढा वेळ तुम्ही मुलांना देत नाही. आठवड्याचे दोन दिवस देता, त्यातला निम्मा एसटीत जातो.

ही पद्धत आली कुठून ते तुम्ही स्वतः पहिल्या सत्रात शिकवता. मेरी रिचमंड यांचे ‘सोशल डायग्नोसिस’ १९१७चे, अमेरिकेतल्या शहरांतल्या धर्मादाय संस्थांच्या अनुभवावरचे. १९३६मध्ये मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. देशातले हे पहिले महाविद्यालय, आजची ‘टिस’. गिरण्यांच्या शहराला त्या शिक्षणाचा उपयोग झाला, त्याबद्दल मला आदरच आहे. त्याच ‘टिस’ने पुढे दलित आणि आदिवासी प्रश्नांवर समाजकार्याची स्वतंत्र शाखा काढली. तुमच्या मंडळांनी मात्र फॉर्मचा मराठी अनुवाद करण्यापलीकडे काही केले नाही.

आणि शिकायला परदेशी जायला नको होते. गडचिरोलीतल्या हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३मध्ये गेले आणि माडिया शिकले, त्यानंतर लोक दवाखान्यात येऊ लागले. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतच ३९ गावांमधल्या गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आहे. त्यांच्या रुग्णालयाला लोकांच्या म्हणण्यानुसार दंतेश्वरी देवीचे नाव आहे. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे ग्रामसभा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घेते, आणि अवघड विषय आधी अभ्यासगटात घोळवून घेते. ‘समुदाय संघटन’ या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत हे गाव असायला हवे होते. आम्ही पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत रॉथमन या अमेरिकी अभ्यासकाची प्रारूपे आहेत, मेंढा नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते आता लिहिते. आमच्याकडे एक कोरकू विद्यार्थी आला, इथल्याच गावचा. घरातला पहिला पदवीधर. स्थलांतराच्या महिन्यांत गावातल्या लेकरांची वजने कशी उतरतात, कोणती बाई कोणाच्या लेकराला सांभाळते, रेशन कुठे अडते, सगळे त्याला तोंडपाठ. त्याने अहवालात ‘माझे गाव’ असे लिहिले. महाविद्यालयाने ते लाल शाईने खोडून ‘सदर समुदाय’ असे करायला लावले, वस्तुनिष्ठता हवी म्हणून. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींना फॉर्ममध्ये रकाना नव्हता, म्हणून त्या अहवालात आल्याच नाहीत. त्याला गुण मिळाले ते शहरातून आलेल्या मुलांपेक्षा कमी. संवादकौशल्यात कमी. त्या गावात लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा तुमच्या तुकडीतला तो एकटा होता. हा अन्याय आहे आणि तो तुमच्या गुणपत्रिकेवर छापलेला आहे.

नियम आड येतात असे म्हणू नका. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४मध्ये या व्यवसायाची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात आदिवासी, स्थानिक समाजांचे ज्ञान हा या व्यवसायाचा एक पाया म्हणून नोंदवलेला आहे. ती व्याख्या तुमच्याही पुस्तकात आहे, फक्त पाठांतरासाठी. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आदिवासी ज्ञान शिकवण्यात घ्या असे सांगितले आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी समाजकल्याण खात्यावर घेतलेल्या आक्षेपांचा अहवाल १९८६मध्ये आला. तीनच वर्षांत, १९८९मध्ये, तिथे कायदा झाला आणि मुलाबद्दलचा निर्णय आधी त्याच्या कुटुंबगोताच्या बैठकीत घ्यायचा असे ठरले. तिथे संसदेला तीन वर्षे पुरली. तुमच्याकडे तर एक फॉर्म बदलायचा आहे.

आमचे म्हणणे नव्याने मांडते. आदिवासी भागात क्षेत्रकार्याला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी एक पूर्ण सत्र तिथली भाषा शिकवा आणि तिला श्रेयांक द्या. शिकवायला इथली माणसे घ्या, त्यांच्याकडे नेट-सेट मागू नका आणि त्यांना तासाचे मानधन प्राध्यापकाइतकेच द्या. क्षेत्रकार्याचे एकक व्यक्तीऐवजी ग्रामसभा धरा. अहवाल कोरकूत, गोंडीत, भिलीत, देवनागरी लिपीत लिहायची मुभा द्या. क्षेत्रकार्याच्या मूल्यमापनात गावाला बसवा, कारण विद्यार्थी कसा वागला हे गावाइतके कोणालाच माहीत नसते.

यातली भाषेची अट मान्य झाल्याचे लेखी मिळेपर्यंत, येत्या शैक्षणिक वर्षापासून आमची संस्था एकाही विद्यापीठाचा विद्यार्थी क्षेत्रकार्याला घेणार नाही. शेजारच्या संस्थांशीही आम्ही याबाबत बोलत आहोत. यात विद्यार्थ्यांचे नुकसान आहे हे आम्हाला कळते, आणि त्याचे उत्तर त्यांनी तुमच्याकडे मागावे. भाषेच्या अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा आमच्याकडे तयार आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीची तारीख कळवा, तो घेऊन आम्ही येतो. सोबत अंगणवाडीच्या त्या मदतनीस बाईही असतील. त्यांचा प्रवासखर्च मंडळाने द्यावा.

मेळघाटातील एक क्षेत्रकार्य मार्गदर्शक