गाण्याला कुलूप नको, गायकाला मोल द्या



६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर भीमगीतांचे स्टॉल आपण सर्वांनीच पाहिले आहेत. पूर्वी तेथे कॅसेट मिळत, मग सीडी आल्या, पुढे पेन ड्राइव्ह आले. त्यांत अस्सल किती आणि डुप्लिकेट किती, हे घेणारा सहसा विचारत नाही. स्वस्त मिळाले, घेतले! पण डुप्लिकेट मालाचा एक पैसाही कवीला, गायकाला किंवा ढोलकीवाल्याला मिळत नाही.

मोठ्या कंपन्यांनी यावर कुलपाचा उपाय करून पाहिला. २००५ साली सोनी बीएमजी कंपनीने आपल्या काही सीडींत कॉपी रोखणारा प्रोग्राम घातला. सीडी लावली की तो गुपचूप संगणकात जाऊन बसे आणि व्हायरसला वाट मोकळी होई. लोक खवळले, खटले झाले, लाखो सीडी परत मागवाव्या लागल्या. म्हणजे ज्याने पैसे मोजले त्यालाच त्रास झाला. चोर मोकळाच राहिला. ॲपल कंपनीनेही २००९ मध्ये आपल्या इंटरनेटवरील दुकानातल्या गाण्यांचे कुलूप काढले. तरीही लोक विकत घेतच राहिले. २०१० पर्यंत तेथे १००० कोटी गाणी विकली गेली. रास्त दरात, सहज मिळाले तर माणूस पैसे देतो, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ नुसार डुप्लिकेट माल काढणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्कही पक्का केला. तो आता कंपनीला लिहून घेता येत नाही. आपल्या किती कवींना हे ठाऊक आहे?

वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या गाण्यांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या झोपडीपर्यंत नेला. असे गाणे तोंडोतोंडी पसरलेच पाहिजे. विहारात गावे, मुलांना शिकवावे, ती चोरी नव्हे. पण गाणे विकून कोणी धंदा करत असेल, तर त्यात कवीचा वाटा हवाच. श्रमाचे मोल मागणारा आपला समाज. आपल्याच कलावंताचे श्रम आपण फुकट कसे घ्यायचे?

जयंतीला डीजेवाल्याला हजारो रुपये रोख आणि गायकाला मात्र 'समाजाचे काम आहे' म्हणून शाल-नारळ, हा हिशेब बदलला पाहिजे. मंडळांनी वर्गणीतून कलावंताचे मानधन आधी बाजूला काढावे. गाणे कोणाचे, हे माईकवरून सांगावे. स्टॉलवर अस्सल माल मागून घ्यावा. गीतकारांनी करार वाचल्याशिवाय सही करू नये.

कुलूप चोराला अडवीत नाही. जाणता श्रोता मात्र कलावंताला जगवतो.

जयभीम!