ठिगळाचा हिशेब

आभाळच फाटले तर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपल्याकडे म्हणतात. आभाळातून जाणाऱ्या विमानाला मात्र ठिगळे लावावी लागतात आणि ती नित्य लावली जातात. सामानाची गाडी धडकून दाराजवळचा पत्रा चेपतो, पक्षी आपटून पंखाची पुढची कड पिचते, उतरताना शेपटी धावपट्टीला घासते, सांध्यासांध्यांत गंज शिरतो. वीस-पंचवीस वर्षे सेवा केलेल्या विमानाच्या अंगावर अशा डागडुजीच्या खुणा डझनांनी सापडतात आणि एवढ्याने भयभीत होण्याचे कारण नाही. चिंतेची गोष्ट निराळीच आहे. ठिगळ नुसते पाहून ते चांगले की वाईट हे सांगता येत नाही. ते हिशेबानेच सांगता येते. तो हिशेब कोण करतो, आणि हिशेबाबरहुकूम हातांनी काम केले की नाही हे कोण पाहतो, हा प्रश्न विमानात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी निगडित आहे.

पत्रा फाटला, त्यावर दुसरा पत्रा रिव्हेटांनी ठोकला, यात गणित ते कसले, असे कोणी म्हणेल. उंचावर हवा विरळ असते, म्हणून विमानाच्या पोटात दाबाने हवा भरावी लागते. प्रत्येक उड्डाणात हे पोट फुगते आणि खाली उतरताना सैल पडते. जंबो जेटाचे धड सुमारे साडेसहा मीटर रुंद. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.6 किलो दाब धरून ढोबळ हिशेब केला, तर एक सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर जवळजवळ 200 किलोंची ओढ पडते. करंगळीएवढ्या पट्टीला ज्वारीची दोन पोती टांगावी, तसा हा प्रकार. आणि पत्र्याची जाडी दोन मिलिमीटरांच्या आसपास! एकदा पोती टांगली तर पत्र्याचे काही बिघडत नाही. तीच दहा-वीस हजार वेळा टांगली आणि उतरविली, म्हणजे धातूला थकवा येतो. जेथे भोक, खाच किंवा ओरखडा असेल तेथे केसासारखी चीर पडते आणि ती उड्डाणागणिक मुकाट्याने वाढत जाते. 1954 साली दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर फुटली, तेव्हा जगाला हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

ठिगळ लावले की या ओढीची वाटच बदलते. आमच्या घरोघरच्या माउलींना ही विद्या अभियंत्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. विरलेल्या धोतराला नव्या कोऱ्या मांजरपाटाचे जाड ठिगळ लावा; ठिगळ शाबूत राहील आणि धोतर त्याच्या कडेने फाटेल. विमानाच्या पत्र्याचेही तसेच आहे. ठिगळ जितके जाड, तितके ते ताठ. जितके ताठ, तितका अधिक भार ते आपल्याकडे ओढून घेते, आणि तो भार मुख्यतः कडेच्या पहिल्या रिव्हेटांच्या ओळीवर येऊन पडतो. मधल्या ओळी जवळजवळ आरामात असतात. चीर पडते ती त्या कडेच्या ओळीत, मूळ पत्र्याला, ठिगळाच्या आडोशाला, बाहेरून डोळ्यांना दिसणार नाही अशी. म्हणून जाणता अभियंता ठिगळाची कड पातळ करीत नेतो, रिव्हेटांचे अंतर मोजतो, आणि शेवटी असे विचारतो की, येथे चीर पडलीच तर ती किती उड्डाणांत घातक होईल व तत्पूर्वी ती कोणत्या तपासणीत सापडेल? पूर्वी ‘मूळ पत्र्याइतके मजबूत झाले की नाही’ एवढेच पाहत. ते पुरेसे नाही. नवा अँटेना बसविण्यासाठी किंवा प्रवासी विमानाचे मालवाहू विमान करण्यासाठी धडाला नवी भोके पाडतात, तेथेही हाच प्रश्न आहे. त्या फेरबदलाला कोणी दुरुस्ती म्हणत नाही, इतकाच काय तो फरक.

हिशेब बरोबर असून काम चुकले म्हणजे काय होते, हे जपानने पाहिले आहे. 2 जून 1978 रोजी ओसाका येथे उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका जंबो विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. धडाच्या मागच्या टोकाला, आतला दाब अडवून धरणारी एक घुमटाकार भिंत असते. तिचा खालचा अर्धा भाग बदलण्याचे काम विमान बनविणाऱ्या बोइंग कंपनीच्याच माणसांनी केले. जुना आणि नवा अर्धा भाग जोडताना एके ठिकाणी रिव्हेटांना कडेपासून पुरेसे अंतर मिळेना, म्हणून मध्ये एक अखंड जोडपट्टी घालण्याचा आराखडा निघाला. आराखडा निर्दोष होता. त्याप्रमाणे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार वाहून नेला असता. प्रत्यक्षात पट्टी बसली ती दोन तुकड्यांत, आणि दोन ओळींचा भार एका ओळीवर आला. सांध्याची ताकद सुमारे 70 टक्क्यांवर उतरली. वरून भराव लावल्यामुळे पट्टी तुटक आहे हे बाहेरून दिसेना. कागदावर काम पुरे झाले, तपासणी झाली, सही झाली.

विमान सात वर्षे उडत राहिले. 12 हजारांहून अधिक उड्डाणे निर्विघ्न पार पडली. 12 ऑगस्ट 1985 रोजी तोक्योहून ओसाकाकडे निघाल्यावर सुमारे बारा मिनिटांनी, 24 हजार फुटांच्या उंचीवर, ती भिंत फुटली. आतील हवेच्या लोटाने शेपटीचा उभा पंख उडाला आणि सुकाणू हलविणाऱ्या द्रवदाबाच्या चारही यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी केवळ इंजिनांच्या जोरावर अर्धा तास झुंज दिली. 524 जणांपैकी चार वाचले. ज्या सात वर्षांत सारे काही सुरळीत चालले होते, त्याच सात वर्षांत चीर वाढत होती. ‘चालते आहे ना, मग कशाला हात लावा?’ या आपल्या लाडक्या युक्तिवादाची खरी किंमत इतकी आहे.

तैवानची कथा याहून साधी आणि म्हणूनच अधिक लज्जास्पद. 7 फेब्रुवारी 1980 रोजी हाँगकाँग येथे चायना एअरलाइन्सच्या जंबोची शेपटी घासली. ओरखडे खोल असतील तर तेवढा पत्रा कापून काढावा किंवा बदलावा, हा दुरुस्तीचा नियम. येथे ओरखडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठोकून दिला. जखम न धुता पट्टी बांधावी, तसेच हे झाले. काही ओरखडे तर ठिगळाच्या कडेच्या रिव्हेटांपलीकडे पोचले होते. नोव्हेंबर 2001 मध्ये जुन्या दुरुस्त्यांची छायाचित्रे काढली गेली, त्यांत या ठिगळाभोवती डाग दिसत होते. त्यांचा अर्थ वेळेत कोणी लावला नाही. 25 मे 2002 रोजी पेंगहू बेटांजवळ विमान आकाशातच तुटले आणि 225 माणसे गेली. ठिगळ लावले तेव्हापासून बावीस वर्षे लोटली होती.

या साऱ्या काळात जग अगदीच निजले होते असे नाही. 2000 साली अमेरिकेच्या विमान-नियामकाने जुन्या विमानांच्या धडावरील दुरुस्त्यांचे फेरमूल्यमापन सक्तीचे केले आणि 2007 साली दुरुस्त्यांबरोबर फेरबदलांसाठीही चिरेच्या वाढीचा हिशेब मागितला. परंतु नियम झाला म्हणजे त्याप्रमाणे पत्र्याखाली डोकावून पाहिले जातेच असे नव्हे. चिनी विमानाच्या बाबतीत तपासणी व्हावयाची होती. चीर मात्र तिच्यासाठी थांबली नाही.

हे सर्व आमच्या वाचकांस सांगण्याचे कारण आहे. ओझर येथे वायुसेनेचे दुरुस्ती केंद्र पूर्वीपासून आहे, नागपूरच्या मिहानात मोठ्या प्रवासी विमानांची दुरुस्ती होते, आणि बेळगावच्या उत्तरेस हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग घडतात. आपल्या गावांतील पोरे या कारखान्यांत उमेदीने जात आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. 2020 साली सरकारने विमान-दुरुस्तीवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. परदेशी जाणारे काम देशात यावे हा हेतू स्तुत्य आहे. परंतु या विषयावरील भाषणांतून कर, जमीन, हँगर आणि रोजगाराचे आकडे एवढेच ऐकू येते. ताणाचा हिशेब करणारा अभियंता आणि रिव्हेट ठोकल्यावर तो आराखड्याशी ताडून पाहणारा तपासनीस, यांचा उल्लेख कोठेच नाही. विमान हँगरमध्ये एक दिवस अधिक राहिले की कंपनीचे नुकसान होते. त्या दिवशी ‘हे काम उकला, पुन्हा करा’ असे म्हणणाऱ्या तपासनिसाच्या पाठीशी कोण उभे राहणार? त्याची बढती ज्याच्या हाती आहे, त्याच्याच हाती विमान वेळेवर सोडण्याची जबाबदारी असेल, तर त्या सहीचा भरवसा आम्ही तरी धरणार नाही. ही दोन कामे दोन वेगळ्या माणसांकडे, दोन वेगळ्या साखळ्यांत असली पाहिजेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

तोक्योच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सने 2006 साली एक सुरक्षा-केंद्र उघडले. त्या फुटलेल्या भिंतीचे अवशेष तेथे मांडले आहेत आणि कंपनीच्या नोकरवर्गाला ते दाखविले जातात. आपल्या दुरुस्ती केंद्रांत दाखल होणाऱ्या उमेदवारांना हानेद्याला नेणे शक्य नसेल, तर त्या जोडपट्टीचे दोन आराखडे, एक काढलेला आणि एक प्रत्यक्षात झालेला, पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवावेत.