उघडी माती आणि घाईची फवारणी

पावसाळा लागला की घराभोवतीच्या फुलबागेत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. खुरपून आठ दिवस होत नाहीत तोच गवत पुन्हा वर येते आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो. मग माळ्याला पुन्हा बोलावणे जाते, दुकानातून औषधाची बाटली येते. पुढच्या महिन्यात हेच सारे नव्याने करावे लागते. असे का होते, हे पाहण्यासारखे आहे.

आधी तणाचे पाहू. मातीच्या वरच्या थरात तणांच्या असंख्य बिया निपचित पडून असतात. गाजरगवताच्या एकाच झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे तण पुढे देशभर पसरले. अशा अनेक बारीक बियांना रुजण्यासाठी उजेडाची गरज असते. आपण माती खोल उकरतो तेव्हा वरचे गवत निघते खरे, पण खालच्या बिया उजेडात येतात. म्हणजे आजच्या खुरपणीतच पुढच्या तणाची पेरणी होऊन जाते.

त्यामुळे उपाय उजेड अडवण्याचा हवा. झाडांमधली मोकळी जागा वाळलेला पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांनी दोन-तीन इंच झाकणे म्हणजे आच्छादन, ज्याला रोपवाटिकेत ‘मल्चिंग’ म्हणतात. त्याखाली बहुतेक बिया रुजत नाहीत, रुजलेले तण दोन बोटांनी उपटता येते आणि उन्हाळ्यात पाणीही कमी लागते. खोडाभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर खोड कुजते. मुसळधार पावसाच्या दिवसांत थर थोडा पातळ करावा, कारण दमट पाचोळ्यात गोगलगाई ठाण मांडतात. ज्या सोसायट्यांमध्ये फाल्गुन-चैत्रात गळलेली पाने झाडून पेटवली जातात, तिथे हे आच्छादनच जाळले जाते. डोळ्यांदेखत चाललेली ही नासाडी मनाला लागते.

लव्हाळा मात्र या उपायाला दाद देत नाही. तो जमिनीखालच्या गाठींतून वाढतो आणि त्याची टोकदार पाती आच्छादन भेदून वर येतात. तो कोवळा असतानाच पुन्हा पुन्हा काढत राहावे. पाने नसली की गाठींमधला साठा हळूहळू संपतो. तणनाशकाचा मोह इथेच होतो. पण ते फुलझाड आणि तण यांत फरक करीलच असे नाही. शिवाय ग्लायफोसेट हे सर्वपरिचित तणनाशक कीडनियंत्रण व्यावसायिकांखेरीज इतरांनी वापरू नये, अशी अधिसूचना केंद्र सरकारने 2022 मध्ये काढली आहे.

किडींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकट द्रव बाहेर टाकतो. त्या गोडीसाठी मुंग्या येतात आणि मोबदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. म्हणून फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी ती तोडावी. खोडाला कागदाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावले, तरी मुंग्यांची वाट बंद होते.

या किडीचा एक शत्रू ‘क्रिप्टोलेमस’ नावाचा ढालकिडा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातला हा भुंगेरा 1898 मध्ये भारतात आणला गेला. द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार तो मुद्दाम बागेत सोडतात. त्याची अळीसुद्धा पांढऱ्या मेणकट तंतूंनी झाकलेली असते, त्यामुळे ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. आपण तिला कीड समजून चिरडतो. फरक चालीत आहे: ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही, अळी भराभर चालते.

रासायनिक फवारणीत कीड आणि तिचा शत्रू दोघेही मरतात. मावा ही रस शोषणारी दुसरी कीड. तो नराशिवायही पिलांना जन्म देतो आणि ती आठवडाभरात प्रौढ होतात. ढालकिड्याची पिढी तयार व्हायला त्याहून जास्त दिवस लागतात. म्हणून फवारणीनंतर कीड आधी परतते आणि तिला अडवणारे कोणी उरलेले नसते. त्यातच युरियाचा हात सैल सुटला तर रसरशीत कोवळी पालवी फुटते आणि माव्याला मेजवानी मिळते.

म्हणून आमचे मत असे, की घरच्या फुलबागेत विषारी फवारणीला पहिले स्थान नसावे. मावा पाण्याच्या जोरदार धारेने पडतो, फार किडलेली फांदी छाटून टाकता येते. एवढ्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून संध्याकाळी फवारावा. उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो आणि संध्याकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात.

त्याआधी एक काम जरूर करावे. जास्वंदीची एक फांदी हातात घ्या, पाने उलटी करा आणि त्या पांढऱ्या कापसात काही चालते आहे का, ते मिनिटभर पाहा. चालत असेल तर पंप परत ठेवून द्या.