अब्बांची आरएक्स आणि भाच्याचा सायलेन्सर

परवा लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामू, नानांची आरएक्स मला द्या. मागची फ्रेम कापून कॅफे रेसर करतो, चेंबर सायलेन्सर बसवतो." मी तडक नाही म्हणालो. त्यावर त्याने विचारलं, "सहा वर्षं गाडी ताडपत्रीखाली आहे. ओरिजिनल ठेवणं म्हणजे गंजू देणं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो खरं बोलत होता.

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद साधारण ११ अश्वशक्ती, पण वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणून तिचा पिकअप गाजला. त्या पिकअपवरच अब्बा नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचे.

मॉडिफाय करणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच : आधी गाडी समजून घ्या. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे फक्त आवाज दाबणारा नळा नाही. त्याच्या आकारामुळे दाबाची लाट उलटी येते आणि निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. रेसिंगचा चेंबर लावला की जोर वरच्या आरपीएमला जातो आणि खालचा पिकअप मरतो. म्हणजे जिच्यासाठी आरएक्स घेतली, तीच गोष्ट आपण पैसे मोजून घालवतो!

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजारांचा दंड किंवा कैदही होऊ शकते. फेरारीवाले श्रीमंत उगाच मूळ इंजिन नंबर जपत नाहीत; मूळ गाडीलाच किंमत येते.

पण माझीही चूक आहे. जपतो म्हणत मी गाडी मारत होतो. गाडी चालली तरच ती अब्बांची.

शेवटी भाच्याला म्हणालो, "ने. टायर, ब्रेक शू, केबल सगळं नवं टाक. पण फ्रेमला कटर लावू नको, सायलेन्सर बदलू नको. परत बसवता येईल तेवढंच काढ." तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की अम्मी तवा चुलीवर ठेवायची. अम्मी अजून आहे. तिला तो एकदा ऐकवायचा आहे.